एफआयव्ही-फेल्व्ह मांजरांच्या हिरड्या: किती दिवस गोळ्यांवर काढायचे?

रानजाई
एफआयव्ही (प्रतिकारशक्ती घटवणारा मांजरांचा विषाणू) किंवा फेल्व्ह (मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या मांजरांच्या तोंडाबद्दल एकच सल्ला जिथे तिथे वाचायला मिळतो. "पॉझिटिव्ह आहे ना? मग भूल नको, दात काढायच्या भानगडीत पडू नका. हिरड्या सुजल्या की आठवडाभर अँटिबायोटिक, फारच झालं तर लांब टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन." परिणाम ठरलेला: चार-सहा आठवडे बरं, मग पुन्हा लाळ, पुन्हा वास, पुन्हा उपाशी बसणं.
माझ्या मते हा सल्ला उलटा आहे. प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणूनच तोंड लवकर निस्तरायला हवं. पण नेमकं कधी, आधी काय तपासून, आणि कोणत्या मांजरात खरंच थांबावं? घरच्या उपायांचा (ब्रश, जेल, पावडरी) उपयोग किती? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दंतमंजन
आधी आजार कोणता ते ठरवू, कारण "हिरड्या लाल" या दोन शब्दांत निदान चार वेगळी दुखणी येतात.
एक, साधा हिरडीदाह: दाताला लागून लाल रेघ, हाड शाबूत. साफसफाईने पूर्ण बरा होतो. दोन, दाताभोवतीचं हाड झिजणं. मांजरात हिरडी आणि दात यांमधली फट अर्धा ते एक मिलिमीटर एवढीच असते, त्याहून खोल गेली की आधार सुटतोय असं समजायचं. आधार २५ टक्क्यांच्या आत गेला असेल तर दात वाचवण्यासारखा, ५० टक्क्यांच्या वर गेला तर काढलेला बरा. तीन, दात विरघळणं. ही कीड नव्हे, मांजरांना आपल्यासारखी कीड लागत नाही. मांजराच्या स्वतःच्याच पेशी दात पोखरतात. चार, स्टोमॅटायटिस: यात लाली दाताशी थांबत नाही, तोंडाच्या पार मागच्या कोपऱ्यात, वरचा-खालचा जबडा मिळतो तिथल्या घडीच्या बाहेरच्या अंगाला मांस फुलकोबीसारखं वर येतं. हात लागताच रक्त.
एफआयव्ही आणि फेल्व्ह मांजरांत ज्याला सगळे घाबरतात तो हा चौथा. पण एकाच तोंडात चारही असू शकतात, आणि भूल देऊन प्रत्येक दाताचा एक्स-रे काढल्याशिवाय कोणता दात कशाने गेलाय ते कळत नाही.

तिरकस
मांजराला "आ कर" म्हटल्यावर मांजर आ करत नाही, आपणच करतो.

अर्धविराम
तिरकस, दिवे घेतले. :)
जंतूंबद्दल थोडं. निरोगी मांजराच्या तोंडातही शेकडो जातींचे जंतू सुखाने नांदत असतात. हिरडीदाह वाढला की हिरडीखालच्या खाचेतला ऑक्सिजन संपतो आणि ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जाती वरचढ होतात: पॉर्फिरोमोनास गुले, ट्रेपोनेमा, टॅनरेला, फ्युसोबॅक्टेरियम. तो कुजका वास यांच्या गंधकाच्या वायूंचा. पाश्चरेला मल्टोसिडा तर मांजराच्या तोंडात कायमच मुक्कामाला.
म्हणून तोंडातून स्वॅब घेऊन कल्चर (जंतू वाढवून बघणं) करणं बहुतेक वेळा पैशांची नासाडी. काहीतरी उगवणारच, आणि जे उगवतं तेच दोषी असतं असं नाही. ऑक्सिजन नको असलेले जंतू साध्या स्वॅबवर प्रयोगशाळेपर्यंत जिवंत पोचत नाहीत.
हे जंतू सुटे फिरत नाहीत, दातावर चिकट थर करून राहतात. रक्तातून आलेलं औषध त्या थराच्या वरवरच्या जंतूंना मारतं, आतले टिकतात. मांजराची लाळ अल्कधर्मी असल्यामुळे दोन-तीन दिवसांत त्या थरात क्षार बसून तो दगडासारखा होतो. मग गोळी बंद झाली की त्याच खडबडीत जागेवर नवी वस्ती. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

आडवळण
सगळं मान्य, पण धागाकर्तीचं विधान सरसकट पटलं नाही. एफआयव्ही आणि फेल्व्ह यांना एका पिशवीत घालू नका.
एफआयव्ही (१९८६ साली कॅलिफोर्नियात पहिल्यांदा सापडला) सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) वर्षानुवर्षं हळूहळू कमी करतो. पॉझिटिव्ह मांजर पुष्कळदा म्हातारपणापर्यंत ठणठणीत असतं. फेल्व्ह थेट अस्थिमज्जेत शिरतो. पांढऱ्या पेशी कमी, लाल पेशी कमी, कधी प्लेटलेटही कमी. अशा मांजराचे एका बैठकीत सगळे दात काढायला घेतले तर जखम भरायला पेशी नाहीत आणि रक्त गोठायला प्लेटलेट नाहीत. तिथे "भूल नको" म्हणणारा डॉक्टर भित्रा ठरत नाही.

रानजाई
बरोबर. मग आकडे सांगा ना. कितीच्या खाली थांबायचं?

आडवळण
संध्याकाळी सविस्तर लिहितो.

मनीचा मामा
मध्येच एक शंका. टेस्ट पॉझिटिव्ह आली यावर किती विसंबायचं?

दंतमंजन
मामा, प्रश्न योग्य वेळी आला. एफआयव्हीची झटपट चाचणी प्रतिपिंडं शोधते, विषाणू शोधत नाही. त्यामुळे सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आईच्या प्रतिपिंडांमुळे खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. सहा महिन्यांनंतर परत करायची. उलट, नुकतीच चावाचावी झाली असेल तर प्रतिपिंडं तयार व्हायला दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो, तोवर खोटं निगेटिव्ह. फेल्व्हची चाचणी विषाणूचं प्रथिन शोधते, ती संसर्गानंतर साधारण महिनाभराने बोलते. दोन्हींत धडधाकट मांजर पॉझिटिव्ह आलं तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी.
आणि प्रत्येक वाईट तोंडामागे हे दोघेच नसतात. स्टोमॅटायटिसच्या मांजरांत कॅलिसीव्हायरस (मांजरांच्या सर्दीचा एक विषाणू) फार मोठ्या प्रमाणात सापडतो. एफआयव्ही आणि कॅलिसी एकत्र असतील तर तोंड जास्त बिघडतं. मधुमेह आणि लांबलेली स्टेरॉइडं यांनीही प्रतिकारशक्ती खालावते.

कुंपणावरचा बोका
एका वाटीत खाल्ल्याने लागतो का हो? नुसतं "पॉझिटिव्ह" ऐकून लोक मांजर घराबाहेर काढतात.

अर्धविराम
एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून जातो. वाटी, पाणी, शेजारी झोपणं यांतून जवळजवळ नाही. नसबंदी केलेली, न भांडणारी मांजरं एकत्र राहू शकतात. फेल्व्ह मात्र लाळेतून, चाटण्यातून, वाटीतूनही जातो, तिथे वेगळं ठेवणं किंवा इतरांना लस देणं गरजेचं. माणसाला दोन्ही लागत नाहीत.
माणसाला लागते ती पाश्चरेला. मांजराचा सुळा बारीक, जखम वरून मिटते आणि आत जंतू कोंडले जातात. २४ तासांच्या आत हात सुजून लाल होतो. चावल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. सांध्यावर किंवा बोटाच्या पेरावर चावलं असेल तर सूज यायची वाट बघू नका. रेबीजचा विचार वेगळा करायचाच.

तिरकस
थोडक्यात, मांजराच्या दातात ब्रश कोण घालणार, हा प्रश्न घंटेहून जुना दिसतोय.

सायलीचा मांडव
ब्रशवर मी लिहिते. दुखऱ्या तोंडात ब्रश घालायचा नाही, हा पहिला नियम. लाल हिरडीवर रोज खरडलं तर मांजर आयुष्यभर तोंडाला हात लावू देणार नाही. आधी उपचार, जखमा भरू देणे, मग ब्रश.
सवय लावायला तीन-चार आठवडे धरा. पहिला आठवडा नुसतं बोट ओठावरून फिरवणं, त्यावर ओल्या खाण्याचा रस लावून. दुसऱ्यात ओठ वर करून दातावरून बोट. तिसऱ्यात बोटाला गुंडाळलेली मऊ जाळी किंवा अगदी लहान डोक्याचा मऊ ब्रश. केसांची टोकं हिरडीकडे ४५ अंश कलती, छोटे गोल फेरे. फक्त गालाकडची बाजू करायची. आतली बाजू जीभच बरीच साफ ठेवते, आणि तोंड उघडायला लावलं की मैत्री संपते. वरच्या मागच्या दाढा महत्त्वाच्या, कीट आधी तिथे साठतं. एका बाजूला १५-२० सेकंद पुरे.
रोजच. आठवड्यातून एकदा केल्याने फारसं काही साधत नाही, वर दोन-तीन दिवसांचं गणित आलंच आहे.
माणसाची टूथपेस्ट नको, मांजर थुंकत नाही, फेस आणि फ्लोराइड पोटात जातं. लवंगतेल, टी-ट्री तेल, मद्यार्क असलेले माउथवॉश अजिबात नकोत. अशी द्रव्यं निकामी करण्याची यकृतातली एक वाट मांजरात फार अरुंद आहे.

मनीचा मामा
क्लोरहेक्झिडिन?

सायलीचा मांडव
०.१२ टक्के, चवीला सोसवेल असं, जनावरांसाठी बनवलेलं. गालाच्या खिशात थोडंसं सोडायचं. थर नव्याने जमायला आळा घालतं, जमलेलं कीट काढत नाही. जखमेवर झोंबतं, त्यामुळे स्टोमॅटायटिसमध्ये बरीच मांजरं फेस काढून पळतात. तिथे हट्ट नको. खाऊ आणि पावडरींवर व्हीओएचसीची (जनावरांच्या दातांची उत्पादनं पारखणारी संस्था) मोहोर असेल तर निदान कीट कमी होण्याची चाचणी झालेली असते. स्टोमॅटायटिसवर त्यातलं काहीच उपचार म्हणून चालत नाही.

कुंपणावरचा बोका
भूल न देता दात खरवडून देणारेही असतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी "सुरक्षित" म्हणून सांगतात.

दंतमंजन
त्यात वरचं पिवळं निघतं, फोटो छान येतो. आजार हिरडीखाली, तिथे जागं मांजर हत्यार जाऊ देत नाही. शिवाय पाणी आणि जंतू श्वासनलिकेत जायची भीती, कारण नळी घातलेली नसते. हे दातांचं सौंदर्य प्रसाधन झालं, उपचार नव्हेत.

आडवळण
आता आकड्यांकडे. भुलेआधी पूर्ण रक्तगणना, मूत्रपिंड-यकृत, रक्तदाब, लघवी एवढं किमान. माझा कल असा:
न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) प्रति मायक्रोलिटर १००० च्या खाली असतील तर मोठी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, कारण शोधावं, काही दिवसांनी पुन्हा मोजावेत. ५०० च्या खाली तर अँटिबायोटिकचं कवच आणि डॉक्टरची रोजची नजर. पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा टक्का) २० च्या खाली असेल तर आधी रक्त देण्याचा विचार. मांजरात रक्तगट बघितल्याशिवाय पहिल्यांदाही रक्त देत नाहीत, बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त जीवघेणं ठरतं. प्लेटलेट यंत्राने कमी दाखवल्या तर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. मांजराच्या प्लेटलेट गुठळ्या करतात आणि यंत्र फसतं.
चार किलोच्या मांजरात एकूण रक्त साधारण २४० मिलि. २५ मिलि गेलं की दहावा हिस्सा गेला. त्यामुळे रक्त टिपलेले बोळे मोजायचे.
ग्लोब्युलिन (रक्तातलं एक प्रथिन) वाढलेलं दिसेल. लगेच एफआयपीची (मांजरांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) धास्ती नको, वर्षभर सुजलेलं तोंडही ते वाढवतं.

दंतमंजन
आडवळण यांच्याशी सहमत, एक भर. असं मांजर थांबवायचं म्हणजे सोडून द्यायचं नव्हे, टप्पे करायचे. मांजराचे ३० दात, त्यात उपदाढा आणि दाढा मिळून १४. पहिल्या बैठकीत हे १४ काढले तरी पुष्कळ मांजरांत मागचा दाह उतरतो. सुळे आणि पुढचे दात यांच्याभोवती लाली नसेल तर ते ठेवता येतात.
सुळे-दाढा काढल्यावर सगळी मांजरं बरी होतात असं सांगणारा खोटं बोलतो. ढोबळमानाने तीनात दोन पूर्ण बरी होतात किंवा ठळक सुधारतात, उरलेल्या एकाला पुढेही औषधं लागतात. सुधारणा दिसायला कधी कधी काही महिनेही जातात.
काम फसण्याचं मोठं कारण एकच: मुळाचा तुकडा आत राहणं. वरच्या चौथ्या उपदाढेला तीन मुळं असतात, बारीक आणि ठिसूळ. म्हणून काढल्यानंतरचा एक्स-रे हवाच. विरघळलेल्या दाताचा फक्त वरचा भाग कापून मूळ ठेवायची एक मान्य पद्धत आहे, पण स्टोमॅटायटिस किंवा एफआयव्ही-फेल्व्ह असलेल्या मांजरात ती वापरू नये. मूळ पूर्ण निघालंच पाहिजे.

मनीचा मामा
भूल देताना पालकाने डॉक्टरांना काय विचारावं? वाद घालायचा नाहीये, माहिती म्हणून.

अर्धविराम
चार गोष्टी विचाराव्यात.
तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा गॅग वापरणार का? मांजरात जबडा ताणून धरला की मेंदूला आणि डोळ्यांच्या पडद्याला रक्त नेणारी धमनी दबते, शुद्धीवर आल्यावर अंधत्व आल्याची उदाहरणं आहेत. सुईच्या टोपणाचा छोटा तुकडा पुरतो, तोही सतत नाही.
श्वासनलिकेतली नळी. तिचा फुगा जास्त फुगवला किंवा नळी जोडलेली असताना मांजराची कूस बदलली तर नलिका फाटते. कूस बदलण्याआधी जोडणी सोडायची.
नस बधिर करणार का? ब्युपिव्हकेनने भूल कमी लागते. सगळ्या ठिकाणचं मिळून प्रतिकिलो २ मिलिग्रॅमच्या वर नाही.
आणि गरम कसं ठेवणार? तोंड ओलं, अंग लहान, दीड-दोन तासांचं काम. सलाइन ताशी ३ मिलि प्रतिकिलोने सुरू करतात, कुत्र्याच्या मापाने नव्हे.
अँटिबायोटिकची खरी जागा इथे आहे: प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मांजरात भुलेच्या वेळी शिरेतून एक डोस. आधी आठवडाभर "तोंड थंड करायला" द्यायची गरज बहुधा नसते.

कुंपणावरचा बोका
आणि गोळी द्यायचीच झाली तर?

सायलीचा मांडव
क्लिंडामायसिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, डॉक्टर ठरवतील ते. डॉक्सीसायक्लिन किंवा क्लिंडामायसिनची गोळी कोरडी गिळवू नका, अन्ननलिकेत अडकून व्रण होतो आणि नळी आकसते. मागोमाग ५-६ मिलि पाणी सिरिंजने, किंवा लगेच थोडं ओलं खाणं.
पॅरासिटामॉल कधीही नाही. माणसाची एक गोळी मांजराला मारायला पुरेशी आहे. आयब्युप्रोफेनही नाही.

रानजाई
आणि स्टेरॉइड? मूळ सल्ल्यातला तो भाग राहिलाच.

आडवळण
लांब टिकणारं इंजेक्शन पॉझिटिव्ह मांजरात मला सर्वांत वाईट पर्याय वाटतो. आधीच दबलेली प्रतिकारशक्ती आणखी दबते, मधुमेह होऊ शकतो, छुप्या हृदयविकाराचं मांजर कोसळू शकतं, आणि दिलेलं परत काढता येत नाही. दुसरा मार्गच नसेल तर तोंडाने प्रेडनिसोलोन, कमीत कमी मात्रा. प्रेडनिसोन नव्हे, मांजराच्या शरीरात त्याचं रूपांतर नीट होत नाही. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) एरवी हट्टी स्टोमॅटायटिसमध्ये उपयोगी, पण एफआयव्ही-फेल्व्ह पॉझिटिव्हला टाळतात.
दात काढूनही दाह उरला तर इंटरफेरॉन ओमेगा (विषाणूविरोधी प्रथिन), रोज १ लाख युनिट तोंडात सोडून ९० दिवस. एफआयव्हीमध्ये झिडोव्ह्युडीन या विषाणूविरोधी औषधाने तोंड सुधारतं, ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो दिवसातून दोनदा, मात्र लाल पेशी उतरतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला पीसीव्ही. फेल्व्हमुळे अस्थिमज्जा आधीच दबलेली असेल तर नको. लॅक्टोफेरिन (दुधातलं एक प्रथिन) पावडर ४० मिलिग्रॅम प्रतिकिलो रोज हिरडीवर चोळून एफआयव्ही मांजरांत लाळ आणि दुखणं कमी झाल्याचं १९९६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आधार म्हणून ठीक.

तिरकस
एवढं वाचून मांजराने स्वतःच अपॉइंटमेंट घेतली असेल.

कुंपणावरचा बोका
दात नसलेलं मांजर खातं काय?

दंतमंजन
सगळं! मांजर चावत नाही, तोडतं आणि गिळतं. दुखणं गेलं की कोरडे दाणेही सबंध गिळतात. पहिले १०-१४ दिवस मऊ आणि अंगाइतकं कोमट, म्हणजे साधारण ३८ अंश, वास सुटतो. कच्चं मांस पॉझिटिव्ह मांजराला कधीच नको, साल्मोनेला आणि टॉक्सोप्लाझ्मा दोन्हींची भीती. टाके आपोआप विरघळतात, ओढायचे नाहीत.
मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचायला लागते. चार किलोच्या मांजराला बसून राहायलासुद्धा दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. फार खंगलेलं असेल तर दात काढतानाच मानेतून अन्ननलिकेत नळी बसवून घ्यावी, औषधंही तिथूनच जातात आणि दुखऱ्या तोंडाशी झटापट वाचते. वेदनाशामकावर काटकसर करू नये. ब्युप्रेनॉर्फिन गालाच्या आत सोडता येतं. मेलॉक्सिकॅम मूत्रपिंड चांगलं आणि मांजर पाणी पीत असेल तरच.

मनीचा मामा
एकाच बाजूला सूज असेल तर?

दंतमंजन
थांबू नका, तुकडा काढून तपासा. स्टोमॅटायटिस बहुधा दोन्हीकडे सारखा असतो. एका बाजूची गाठ, हलणारा एकच दात, जिभेखालचा घट्टपणा म्हणजे कर्करोगाची शंका घ्यायची. जिभेच्या कडांना व्रण असतील तर मूत्रपिंड बघा.

रानजाई
म्हणजे माझ्या विधानात दुरुस्ती: एफआयव्ही असेल आणि रक्त ठीक असेल तर लवकर, फेल्व्ह असेल तर आकडे बघून टप्प्याटप्प्याने. बरोबर?

आडवळण
हो. आणि दोन्हींत दर सहा महिन्यांनी तोंड आणि वजन, फेल्व्हमध्ये रक्तही. घरी दर आठवड्याला वजनकाटा. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम उतरलं तर लाळेची वाट बघायची नाही.

सायलीचा मांडव
वजनाला स्वयंपाकघरातला काटा चालतो, वर खोकं ठेवायचं. खोक्यात मांजर आपणहून बसतं.